उचल आणि शिष्यवृत्ती

दिवाळीचा फराळ डब्यात असतो तोच पाथर्डी-शेवगावच्या वाड्यावस्त्यांवर ऊसतोडीचे ट्रक लागतात. गोधड्या, पत्र्याची पेटी, हंडे, चूल, एखादी शेळी. सगळं चढलं की वर पोरं. दप्तराचं काय करायचं ते ऐनवेळी ठरतं. शाळेत जाणाऱ्या मुलीकडे बघत आई विचारते, “हिला ठेवू कुणापाशी?”

आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, प्रवरानगरला 1950 साली उभा राहिला. उत्तरेकडे पाटाचं पाणी आणि ऊस. दक्षिणेकडच्या कोरडवाहू तालुक्यांतून तो तोडायला माणसं.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. मुलीचं लग्न लावलं की नवा कोयता, नवी उचल. लग्न नाही झालं तरी धाकट्याला सांभाळायला, कोपीवर भाकरी थापायला ती लागतेच. पंधरा वर्षांची मुलगी शाळेत ठेवणं या घराला काय पडतं, हे आधी समजून घ्यावं आणि मग शिष्यवृत्तीची रक्कम मोजावी.

1992 पासून राज्य सरकार दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला 1 रुपया भत्ता देऊ लागलं, वर्षाला जास्तीत जास्त 220. त्या काळी तो रुपया घरात मोजला जायचा. पुढे तीस वर्षं तो रुपयाच राहिला, याची मला मनापासून चीड येते.

खरा आधार देते ती एनएमएमएस, म्हणजे नॅशनल मीन्स-कम-मेरिट शिष्यवृत्ती. केंद्राची ही योजना 2008 ची. सरकारी, अनुदानित शाळांतली आठवीची मुलं परीक्षा देतात. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात. वह्या, एसटीचा पास, वरून तिला सांभाळणाऱ्या आजीच्या हातात थोडे पैसे. मुलीच्या नावावर पैसे येतात म्हटल्यावर घरात तिच्या लग्नाचा विषय वर्षभर मागे पडू शकतो.

अडचण तारखेची आहे. ही परीक्षा बहुधा डिसेंबरात होते आणि तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात असतो. हुशार मुलगी त्या दिवशी उसाच्या फडात असेल तर शिष्यवृत्ती तिच्यापर्यंत पोहोचणार कशी? म्हणून मला वसतिगृह आधी आणि पैसा नंतर वाटतो. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, त्यातली निम्मी मुलींची. पहिल्या टप्प्यात पाथर्डी आणि जामखेडही होते. भगवानबाबांचा भगवानगड पाथर्डी तालुक्यातलाच, त्यामुळे आईबापांना हे नाव परकं वाटत नाही.

निवड झाल्यावरही दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं. खातं आधारशी जोडलेलं हवं. ओटीपी जातो तो बापाच्या मोबाइलवर, आणि बाप असतो दोनशे किलोमीटरवर. गुरुजी दोन-तीनदा फोन लावतात. शेवटी फडातून आवाज येतो, कोयता खाली ठेवून बाप एकेक आकडा वाचून दाखवतो आणि इकडे शाळेत मुलगी तो भरत जाते.