काळी मृदा
काळी मृदा : (रेगूर). दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाच्या अपक्षयाने तयार झालेली, चिकण कणांचे प्रमाण जास्त असलेली गडद रंगाची मृदा. तेलुगूतील ‘रेगड’ शब्दावरून तिला रेगूर हे नाव पडले. कापसाला मानवत असल्याने तिला ‘कापसाची काळी जमीन’ असेही म्हणतात. महाराष्ट्र, पश्चिम मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर कर्नाटक व तेलंगण या भागांत ती आढळते.

निर्मिती : सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून दख्खनचा बेसाल्ट बनला. कार्बन डाय-ऑक्साइड विरघळलेल्या पावसाच्या पाण्याने त्यातील खनिजांचे विघटन होते. अतिपर्जन्याच्या प्रदेशात सिलिका व क्षारके वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरून जांभी मृदा बनते. पठारावरील सु. ५०० ते १,००० मिमी. पावसात मात्र सिलिका, कॅल्शियम व मॅग्नेशियम टिकून राहतात आणि त्यांपासून माँटमोरिलोनाइट हे चिकण खनिज तयार होते. अशा रीतीने एकाच खडकापासून हवामानानुसार दोन भिन्न मृदा निर्माण होतात. काळा रंग जैव पदार्थाच्या विपुलतेमुळे नसतो. त्याचे प्रमाण बहुधा १ टक्क्याहून कमीच असते.

थर : माथ्यावर व उतारावर ही मृदा उथळ, तर तापी, पूर्णा, गोदावरी इ. नद्यांच्या खोऱ्यांत खोल असते. वरच्या काळ्या थराखाली चुनखडीचे खडे असलेला थर, त्याखाली मुरूम व शेवटी मूळ खडक असा क्रम सामान्यतः दिसतो. माँटमोरिलोनाइट ओले झाले की फुगते व वाळले की आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते आणि पावसाळ्यात खालची माती फुगून वर ढकलली जाते. या उलथापालथीमुळे वरच्या भागातील थर स्पष्टपणे वेगळे होत नाहीत.

गुणधर्म : ही मृदा ओल दीर्घकाळ धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यानंतर केवळ साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी व हरभरा घेता येतो. मात्र ओली असता ती चिकट व वाळल्यावर कठीण होत असल्याने मशागतीस योग्य असा वाफशाचा काळ थोडाच असतो.

संधारण : भेगा मिटल्या की पाणी जिरण्याचा वेग अत्यंत कमी होतो व पाणी पृष्ठावरून वाहू लागते. रब्बीसाठी पावसाळ्यात पडीक ठेवलेल्या उघड्या शेतातून माती सर्वांत जास्त वाहून जाते. खडकापासून नवी माती बनण्यास शतके लागतात. त्यामुळे ही हानी व्यवहारतः भरून येत नाही.

महाराष्ट्रात १९४२ च्या मुंबई भूविकास योजना अधिनियमानंतर बांधबंदिस्तीस चालना मिळाली. समपातळी बांध हलक्या व मध्यम जमिनीस उपयुक्त ठरतात. भारी जमिनीत त्यांच्याजवळ पाणी तुंबून पीक कुजते व बांध फुटतात. तेथे जादा पाणी सावकाश गवताळ चरात सोडणारे ढाळीचे बांध श्रेयस्कर होत. उतारास आडवी पेरणी, पट्टा पद्धती, बांधावर खस गवताची लागवड आणि रुंद वरंबा-सरी पद्धतही उपयोगी पडते. कोळपणीने भेगा बुजून ओल टिकते. कालव्याच्या क्षेत्रात निचऱ्याची सोय न करता अतिसिंचन केल्यास जमीन पाणथळ व क्षारयुक्त होते. नीरा व कृष्णा खोऱ्यांतील उसाच्या क्षेत्रात याचा अनुभव आला आहे. म्हणून या मृदेत पाणी अडविणे व जादा पाण्याचा निचरा करणे या दोन्ही गोष्टींना सारखेच महत्त्व आहे.