सुरतेची लूट आणि वाचकाचे वय

तापीकाठच्या सुरत शहराला इतिहासाने बंदर, वखार, जकात आणि हुंडी यांच्या नात्याने ओळखले असले, तरी वाङ्मयाच्या दफ्तरात त्याच्या नावे आणखी एक नोंद आहे, आणि तिच्याकडे मराठी वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. गुजराती भाषेतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून जिचा निर्देश होतो, ती ‘करण घेलो’ सुरतेच्याच नंदशंकर तुळजाशंकर मेहता या हेडमास्तरांनी लिहिली आणि १८६६ साली ती प्रसिद्ध झाली. इंग्रजीतील ऐतिहासिक कथांच्या धर्तीवर देशी भाषेत काही गद्य निर्माण व्हावे, अशी इच्छा शिक्षणखात्यातील रसेल नावाच्या साहेबांनी व्यक्त केली, आणि मास्तरांनी गुजरातच्या अखेरच्या वाघेला राजाची कथा हाती घेतली. शाळाखात्याच्या प्रेरणेने एका शिक्षकाने लिहिलेले पुस्तक म्हटल्यावर ते सद्बोधपर आणि मुलांच्या हाती निर्धास्तपणे ठेवण्याजोगे असेल, अशी कोणाचीही समजूत व्हावी. परंतु या कथेतला राजा आपल्याच प्रधानाच्या पत्नीचे हरण करतो, अपमानाने पेटलेला तो प्रधान माधव दिल्लीस जाऊन अलाउद्दीन खिलजीची फौज गुजरातेवर आणवतो, आणि राज्य, राणी, कन्या असे एकेक गमावीत गेलेल्या त्या अभागी पुरुषाच्या सर्वनाशाचे मूळ त्याच्या स्वतःच्या वासनेत असते. ही कथा कुमारांची की प्रौढांची, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडेही प्रारंभ याहून फारसा निराळा नव्हता. मराठीतील आद्य ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’ १८७१ साली ‘विविधज्ञानविस्तारा’तून येऊ लागली आणि तिचे कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर हेही शिक्षकी पेशातलेच. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढले आणि त्यातून ‘उषःकाल’ प्रकरणाप्रकरणाने वाचकांसमोर ठेवली. पत्र घरी आले की ते साऱ्या घराचे असे. शाळकरी पोराने कोणते पान वाचावे आणि कोणते उलटून जावे, याचा बंदोबस्त त्यावर छापलेला नसे. पुढच्या पिढ्यांनीही नाथमाधवांची स्वराज्यमाला, नंतर ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’, अशीच उन्हाळ्याच्या सुटीत, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, वडील मंडळींच्या कपाटातून काढून वाचली.

वयाची सरहद्द आखली ती शाळेने आणि पुस्तकांच्या व्यापाराने. इंग्रजीत तर ती आखणी इतकी काटेकोर झाली आहे की, कुमार आणि प्रौढ यांच्यामध्ये ‘यंग अॅडल्ट’ नावाचा एक स्वतंत्र परगणाच निर्माण झाला, आणि तरीही त्याची हद्द कोणास नक्की सांगता येत नाही. मार्कुस झुसाक यांची नाझी जर्मनीतील एका मुलीची कथा ‘द बुक थीफ’ २००५ साली ऑस्ट्रेलियात प्रौढांची कादंबरी म्हणून निघाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत तीच कुमारांच्या फळीवर जाऊन बसली. स्टीव्हन्सनची ‘किडनॅप्ड’ १८८६ साली मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली होती. आज ती वाचताना कोणाही पोक्त गृहस्थास संकोच वाटत नाही. समुद्र ओलांडताना पुस्तकाचे वय बदलत असेल, तर ते वय मजकुरात नव्हते, हे उघड आहे.

मग ते असते कुठे? याची परीक्षा घेण्यास सुरतेइतके उत्तम स्थळ नाही. १६६४ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शिवाजी महाराजांनी या शहरावर छापा घातला तेव्हाचा वृत्तान्त, तेथील इंग्रज वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलियट याने विलायतेत थॉमस ब्राउन यांस लिहिलेल्या पत्रामुळे पुष्कळ तपशिलाने आपल्यापर्यंत आला आहे. मुघलांचा अधिकारी इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी लढवून राखल्या. विरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग या धनाढ्यांच्या हवेल्या लुटल्या गेल्या. दुसरीकडे कॅपुचिन पाद्री आंब्रोझ यांच्या वाटेस जाऊ नये असा महाराजांचा हुकूम होता, आणि डचांच्या एका दिवंगत दानशूर दलालाचे घरही त्यांनी राखले, असे फ्रेंच प्रवासी बर्नियर लिहितो. इथवरचा मजकूर कोणत्याही वयाच्या मुलास आनंदाने सांगता येतो, आणि सांगितला जातोच.

परंतु एस्कॅलियटच्या त्याच पत्रात आणखी एक प्रसंग आहे. इनायतखानाने तहाच्या बोलण्याच्या मिषाने एक तरुण पाठविला. त्याने एकाएकी कट्यार उपसून महाराजांवर झेप घेतली. शरीररक्षकाने त्याचा हात छाटला, तरी झेपेच्या वेगाने तो महाराजांवर कोसळला, आणि रक्त पाहून महाराजांचा घात झाला अशी आरोळी छावणीत उठली. कैद्यांची कत्तल सुरू होणार, तोच महाराज उठले आणि त्यांनी ती थांबविली. पण त्यानंतर कैद्यांना समोर आणवून काहींची डोकी आणि काहींचे हात तोडविले, आणि ती संख्या चार डोकी आणि चोवीस हात अशी एस्कॅलियट नोंदवितो. लिहिणारा शत्रुपक्षाच्या बाजूचा होता हे खरे, आणि सतराव्या शतकातील युद्धनीती आजच्या कायद्याने मोजू नये हेही खरे. तथापि कत्तल थांबविणारा आणि हात तोडविणारा पुरुष एकच आहे, ही गोष्ट कथाकाराने टाळली की सांगितली, यावर माझ्या मते पुस्तकाचे वय ठरते, पानांच्या संख्येवर किंवा नायकाच्या मिशांवर नव्हे.

आणि या कसोटीला लावले असता एक अप्रिय निष्कर्ष निघतो. प्रौढांसाठी म्हणून लिहिलेल्या, सहाशे-सातशे पृष्ठांच्या आपल्या बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्यांचा पिंड कुमारवाङ्मयाचाच आहे. त्यातला नायक कधी चुकत नाही, चुकलाच तर कपटी कारभाऱ्याच्या सल्ल्याने चुकतो, आणि त्याच्या मनात संशय उत्पन्न होतो तो फक्त दुसऱ्याच्या निष्ठेविषयी. ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ आणि विश्वास पाटलांची ‘पानिपत’ असे अपवाद आहेत, आणि ते अपवाद आहेत म्हणूनच ठळकपणे आठवतात. ज्या वयाच्या मुलांना आपण कोवळी समजतो, ती वर्तमानपत्रात आणि पडद्यावर याहून उग्र गोष्टी रोज पाहतात. त्यांना रक्ताचे भय नसते, त्यांना कंटाळा असतो तो ठरीव स्तुतीचा. ‘मुलांना सोसणार नाही’ या सबबीखाली जे वगळले जाते, ते पुष्कळदा वडिलांनाच सोसत नसते.

सुरतेत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. गिरण्या आणि यंत्रमागांच्या ओढीने खानदेशातून आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत नांदत आहेत, आणि महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत त्यांची मुले शिकतात. या मुलाचे घर ज्या इतिहासाचा अभिमान बाळगते, त्यात त्याचे शहर लुटले गेलेले आहे, एकदा १६६४ साली आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात. शिवाय ज्या गुजराती मित्रासंगे तो पतंग उडवितो, त्याचे पूर्वज त्या दिवसांत बोटींतून तापीपार पळालेल्या नागरिकांपैकी असू शकतील. मावळ्यांच्या पथकातून दिसणारी सुरत आणि गोपीपुऱ्याच्या माडीवरून दिसणारी सुरत या दोन्ही एकाच पुस्तकात बांधणारी कादंबरी त्याच्यासाठी लिहिली गेली पाहिजे, आणि ती लिहिली गेली तर मोठ्यांनाही वाचावी लागेल.

तिचा नायक कोण असावा, याविषयी माझे मत असे की, तो इनायतखानाचा दूत म्हणून आलेला तरुणच असावा. किल्ल्याच्या दरवाज्यातून त्याला बाहेर धाडताना, स्वतः आत सुरक्षित राहिलेल्या अधिकाऱ्याने त्याला कोणती आशा दाखविली असेल, आणि लुटीने धुमसणाऱ्या गल्ल्यांतून छावणीपर्यंत चालत जाताना कमरेच्या कट्यारीविषयी त्याच्या मनात काय चालले असेल, हे कादंबरीकाराने रचावे. सोळा वर्षांचा वाचक त्याला नीट ओळखील, आणि पन्नाशीचा वाचक त्याला पाठविणाऱ्यालाही.