पोयट्याची जमीन आणि घाटावरची जिरायत शेती

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वर्तकनगरसारख्या शहरी वसाहतीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने मातीविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आपल्या ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ते पाणी लवकरात लवकर गटारातून कसे निघून जाईल, एवढीच काळजी आपण करतो. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणांची घरे मूळची घाटावरची आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर माण, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा या भागांतून अनेक कुटुंबे मुंबई-ठाण्याकडे आली. माझे आजोबा त्यांपैकीच एक. आमची अडीच एकर जिरायत जमीन अजून सांगोला तालुक्यात आहे. ती ठेवावी की विकावी, याची चर्चा सध्या आमच्या घरी चालू आहे. "ती जमीन देते तरी काय?" हा त्या चर्चेतला नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना जे वाचनात आले आणि गावाकडच्या जाणत्या मंडळींकडून जे कळले, ते येथे मांडत आहे.

सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगांत फारसे पाणी उरत नाही. त्यामुळे माणदेशाच्या पठारी मैदानावर वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातही जून-जुलैचा भरवसा नसतो. खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत येतो. म्हणूनच येथील मुख्य पीक रब्बीची ज्वारी हे होय. हे पीक उभे असताना बहुधा पाऊस पडतच नाही. मग ते जगते कशावर? पेरणीपूर्वी मातीत मुरलेल्या ओलीवर! म्हणजे येथे विहीर किंवा तलाव नसला तरी शेतकऱ्याजवळ पाण्याचे एक साठवण असतेच. ते म्हणजे त्याची जमीन.

हे साठवण किती मोठे, हे मातीच्या पोतावर आणि खोलीवर ठरते. मातीत तीन प्रकारचे कण असतात: जाड वाळू, तिच्याहून बारीक पोयटा आणि सर्वांत बारीक चिकणमाती. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतो. वाळू पाणी धरत नाही. चिकणमाती पाणी भरपूर धरते. पण त्यातले बरेचसे इतके घट्ट धरून ठेवते की मुळांना ते ओढता येत नाही. शिवाय ती ओली असता चिकटते आणि वाळली की भेगाळते. ज्या मातीत या तिघांचा मेळ बसतो तिला पोयट्याची जमीन म्हणतात. तिच्यात साधारण चाळीस टक्के वाळू, चाळीस टक्के पोयटा आणि वीस टक्के चिकणमाती असते. तिच्यात पाणी मुरते, टिकते आणि मुळांना हवाही मिळते.

माणदेशात माळावर उथळ मुरमाड जमीन, खोलगट भागात भारी काळी जमीन आणि मधल्या उतारावर व ओढ्या-नद्यांच्या काठाने मध्यम जमीन आढळते. ही मध्यम जमीन चिकण-पोयट्याची असते. आमची जमीन याच प्रकारातली. ओळखण्याची रीत सोपी आहे. मूठभर माती भिजवून मळावी व तिची वळकटी करावी. वळकटी होतच नसेल तर माती वाळूची. लांब, न तुटणारी वळकटी झाली तर चिकणमातीची. वळकटी होते पण थोड्याच लांबीवर तुटते, ती पोयट्याची.

आता थोडा हिशेब करू. एक मीटर खोल पोयट्याच्या जमिनीत पिकाला घेता येईल असे सुमारे १५ सेंटिमीटर पाणी मावते. जमीन ६० सेंटिमीटर खोल असेल तर ९ सेंटिमीटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. तेव्हा एकरी साठा झाला सुमारे ३ लाख ६४ हजार लिटर. दहा हजार लिटरचे छत्तीस टँकर! आणि वरची १५ सेंटिमीटर माती वाहून गेली तर त्यांतले नऊ टँकर कायमचे गेले. पुढे कितीही पाऊस झाला तरी ते साठवायला जागाच राहत नाही. बांध फुटल्याने होणारे खरे नुकसान ते हेच.

म्हणून अशा जमिनीची सारी मशागत एकाच सूत्राभोवती फिरते: पाणी अडवा, मुरवा आणि उडून जाऊ देऊ नका. बांध समपातळीत घालावेत, त्यांना सांडवा ठेवावा, नांगरट व पेरणी उताराला आडवी करावी. जुलैत १० मीटर लांब-रुंद वाफे पाडले म्हणजे पुढचा पाऊस जागच्या जागी मुरतो. पोयट्याच्या जमिनीचा एक दोष असा, की जोराच्या सरीनंतर तिच्यावर खपली धरते व कोंब वर येण्यास अडथळा होतो. तिच्यात सेंद्रिय अंशही कमीच असतो. या दोन्हींवर शेणखत हा उपाय होय. हेक्टरी पाच टन तरी घालावे.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, दोन चाड्यांच्या पाभरीने करावी, म्हणजे बी आणि खत एकाच वेळी ओलीत पडते. मध्यम जमिनीसाठी हेक्टरी ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद देण्याची शिफारस आहे. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात अशा जमिनीत आजही पेरली जाते. पुढे तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. कोळप्याने तण तर जातेच, शिवाय भेगा बुजतात आणि वरचा भुसभुशीत थर खालची ओल धरून ठेवतो. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आमच्याकडे म्हणतात ते उगीच नाही.

हे ज्ञान एका दिवसात जमलेले नाही. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झाले. बांधबंदिस्तीला बळ देणारा जमीन सुधारणा कायदा मुंबई प्रांतात १९४२ साली झाला. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून हेच काम पुढे नेत आहे. टेंभू, उरमोडी यांसारख्या उपसा योजनांचे पाणीही आता माणदेशाच्या काही भागांत पोहोचले आहे. पण पाटाचे पाणी बेसुमार दिले तर जमीन खारवट-चोपण होते. तेव्हा पाणी आले तरी मातीची निगा सुटत नाही.

येथे एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. शहरात आलेल्या आपल्यासारख्यांची शेती बहुधा वाट्याने दिलेली असते. वाटेकरी एका हंगामापुरता कसतो. बांध दुरुस्तीचे, शेणखताचे फळ पुढच्या पाच-दहा वर्षांत मिळणार. ते त्याला मिळेल याची खात्री नाही. मग त्याने खर्च का करावा? यात त्याचा दोष नाही. मालक शहरात, कसणारा हंगामापुरता, आणि मधल्या मधे माती ओढ्याला जाते. पुढे आपणच म्हणतो, जमीन काही देत नाही!

आमची जमीन राहील की जाईल, हे घरातील वडीलधारे ठरवतील. माझे म्हणणे एवढेच, की तो निर्णय गेल्या दोन-तीन वर्षांच्या उताऱ्यावर होऊ नये. आधी जमिनीची खोली पाहावी, बांध पाहावेत, आणि वाटेकऱ्याशी पाच वर्षांचा करार करून बांधाचा व खताचा खर्च आपण उचलावा. मगच तिची किंमत कळेल. ज्या मित्रांची जमीन घाटावर आहे, त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेल्यावर शेतात एक खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे. त्या एका आकड्यावरून आपल्या शेतात किती टँकर मावतात, हे ज्याचे त्याला काढता येईल.