पत्रकांच्या ढिगात नेमके काय पाहावे?

महिनाअखेर जवळ आली की कचेऱ्यांतून व कारखान्यांतून पत्रके भरण्याची घाई उडते. उत्पादन किती, माल किती वाया गेला, येणे किती थकले. ही पत्रके वर जातात आणि वरून बहुधा एकच विचारणा खाली येते : गेल्या महिन्यापेक्षा आकडा का घसरला, याचे स्पष्टीकरण द्यावे. या विचारणेतच एक मूलभूत घोटाळा आहे.

वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली एक साधा आलेख मांडला. मध्ये सरासरीची रेषा, वर व खाली मर्यादेच्या दोन रेषा. कोणत्याही कामाचे आकडे थोडेफार वरखाली होणारच. ते मर्यादेच्या आत असतील, तर त्या चढउतारामागे सहसा विशेष असे कारण नसते; बाहेर गेले, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. म्हणजे आपल्याकडची निम्मीशिम्मी स्पष्टीकरणे, नाणे छापा का पडले याचा खुलासा करण्यासारखी असतात असे म्हणावयास हरकत नाही! ती लिहिणारा कारकून बिचारा कारण रचतो, आणि वरिष्ठ ते खरे मानतात. श्यूहार्टचे अनुयायी डेमिंग यांनी तर १९८६ च्या आपल्या ग्रंथात शंभरातील ९४ अडचणी कामाच्या व्यवस्थेतून उद्भवतात व त्यांची जबाबदारी व्यवस्थापनाची असते, असा अंदाज दिला. आकड्याबद्दल वाद घालता येईल. रोख मात्र अचूक आहे.

अडचणींचा क्रम कसा लावावा, याचे उत्तर जुरान यांनी दिले : थोडी कारणे बहुतेक नुकसान करतात, ती आधी हाताळा. या नियमाला त्यांनी इटालियन अर्थशास्त्रज्ञ पॅरेटो यांचे नाव दिले. (ते देणे चुकीचे होते, अशी कबुली त्यांनीच १९७५ मध्ये दिली.) भांडारातील मालाची अ, ब, क अशी वर्गवारी याच विचाराची. प्रत्येक खिळा मोजत बसण्यापेक्षा ती निश्चितच शहाणपणाची. पण येथे माप रुपयांचे असते, आणि जे स्वस्त ते आपोआप ‘क’ वर्गात जाऊन पडते.

भोपाळच्या कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला, तेव्हा साठवणटाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोराही, त्याच्या नळाचा एक तुकडा बदलावयाचा असल्याने, निकामी होता. उत्पादनाच्या वा नफ्यातोट्याच्या पत्रकात यांपैकी काहीही उणे म्हणून दिसले नसते. यंत्रणा बंद ठेवल्याने उलट बचतच दिसली असती. अशा बाबींची यादी निराळीच ठेवावी लागते आणि तिचा क्रम रुपयांवरून लावून चालत नाही. भोपाळमध्ये सूचनाच मिळाली नव्हती, असेही नाही. मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीच्याच तपासणी पथकाने सुरक्षिततेतील गंभीर उणिवा लेखी नोंदवून ठेवल्या होत्या.