अर्थव्यवस्था सावरताना ग्राहकाचे मन

एखाद्या देशाची अर्थव्यवस्था मोठ्या घसरणीतून सावरते, तेव्हा उत्पादन, करवसुली, निर्यात आणि शेअर बाजार यांचे आकडे प्रथम वर येतात आणि लोकांचे मन बऱ्याच काळाने त्यांच्या मागोमाग येते. कोविडच्या साथीनंतर 2020 ते 2024 या काळात भारतात हे अंतर इतके रुंद आणि दीर्घ राहिले की, आकडे बरोबर असतील तर लोक नाराज का, आणि लोक बरोबर असतील तर आकडे नेमके काय सांगतात, हा प्रश्न अभ्यासकांप्रमाणेच सामान्य वाचकालाही पडावा. लोकांना अर्थशास्त्र कळत नाही, असे म्हणून या प्रश्नाची बोळवण करण्याची सवय धोरणवर्तुळात जुनी आहे. प्रत्यक्षात ग्राहकाची नाराजी हीसुद्धा एक मोजणी असते आणि सरासरीत जे बुडून जाते, तेच बहुधा तिच्यात उमटलेले असते.

लोकांच्या आर्थिक मनःस्थितीची पद्धतशीर पाहणी अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. हंगेरीत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज कटोना यांनी मिशिगन विद्यापीठात 1946 पासून कुटुंबांना त्यांच्या मिळकतीविषयी, खरेदीच्या बेतांविषयी आणि भविष्याविषयी प्रश्न विचारायला आरंभ केला. खरेदी ही केवळ ऐपतीवर ठरत नाही, तिला इच्छेचीही जोड लागते, हे त्यांचे मूळ प्रतिपादन होते. खिशात पैसा असूनही उद्याची धास्ती असेल तर माणूस हात आखडता घेतो आणि लाखो कुटुंबांनी एकाच वेळी हात आखडला की ती धास्तीच मंदीचे कारण बनते. भारतात हे काम 2010 पासून रिझर्व्ह बँक करते. तिच्या ग्राहक विश्वास सर्वेक्षणात मुंबई आणि नागपूर यांच्यासह 19 शहरांतील सुमारे 6,000 कुटुंबांना देशाची एकूण आर्थिक स्थिती, रोजगार, किमती, स्वतःचे उत्पन्न आणि खर्च या पाच बाबींविषयी दुहेरी प्रश्न विचारले जातात: वर्षापूर्वीपेक्षा आज काय स्थिती आहे आणि वर्षभराने काय असेल. पहिल्या उत्तरांवरून सद्यःस्थिती निर्देशांक निघतो, दुसऱ्यांवरून भावी अपेक्षा निर्देशांक.

ही मोजणी कशी होते हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, रोजगाराच्या प्रश्नावर शंभरातील 30 जणांनी परिस्थिती सुधारली असे सांगितले आणि 45 जणांनी बिघडली असे सांगितले, तर त्या बाबीचे निव्वळ उत्तर उणे 15 येते. पाचही बाबींच्या अशा उत्तरांची सरासरी काढून ती 100 मध्ये मिळवली की निर्देशांक तयार होतो. म्हणजे 100 ही समतोलाची रेघ; त्याखाली निराशा, त्यावर समाधान. मात्र या सोप्या हिशेबात एक खाच आहे. किमती वाढल्या असे सांगणाऱ्याचे उत्तर निराशेच्या खात्यात जमा होते, पण खर्च वाढला असे सांगणाऱ्याचे उत्तर विश्वासाच्या खात्यात जाते. एरवी हे योग्यच आहे, कारण आश्वस्त माणूसच सढळ हाताने खर्च करतो. परंतु तेल, डाळ आणि गॅस महागल्यामुळे ज्या घराचा किराण्याचा खर्च वाढला आणि त्याची तोंडमिळवणी करण्यासाठी ज्या घराने नवे कपडे, सहल किंवा बाहेरचे जेवण बंद केले, त्या घराचे उत्तरही ‘खर्च वाढला’ असेच नोंदले जाते. रिझर्व्ह बँक आवश्यक आणि अनावश्यक खर्चाची माहिती वेगळी देते, आणि साथीच्या काळात या दोहोंची दिशा परस्परविरुद्ध होती. तेव्हा एकट्या निर्देशांकावर विसंबणाऱ्याला लोकांची ओढाताण प्रत्यक्षाहून कमीच दिसण्याचा संभव राहतो.

आता या निर्देशांकाचा प्रवास पाहू. मार्च 2019 मध्ये सद्यःस्थिती निर्देशांक 104.6 होता, सप्टेंबर 2019 पर्यंत तो 89.4 वर आला होता. याचा अर्थ असा की साथ येण्यापूर्वीच शहरी ग्राहकाचे मन खचू लागले होते आणि त्या वर्षीच्या मंदावलेल्या विकासदराने त्याला दुजोराच दिला. मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी लागू झाली, एप्रिल ते जून या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे देशात वर्षभरात किंवा तिमाहीत निर्माण झालेल्या वस्तू व सेवांचे एकूण मूल्य, पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घटले आणि सप्टेंबर 2020 मध्ये निर्देशांक 49.9 वर कोसळला. दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, त्याने 48.5 हा तोवरचा तळ गाठला. तेथून चढण सुरू झाली, पण ती अतिशय संथ होती: मार्च 2022 मध्ये 71.7, मार्च 2023 मध्ये 87 आणि मार्च 2024 मध्ये 98.5. जवळजवळ तीन वर्षे वर येत जाऊनही तो समतोलाच्या रेघेला शिवला नाही, आणि 2024 च्या मध्यास पुन्हा खाली सरकला. दरम्यानच्या काळात भारत ही जगातील सर्वांत वेगाने वाढणारी मोठी अर्थव्यवस्था असल्याचे वारंवार सांगितले जात होते, आणि ते खोटे नव्हते.

हे अंतर समजून घेण्यासाठी पहिल्यांदा वाढीच्या दराचे गणित मांडावे लागते. 2011-12 हे आधारवर्ष धरणाऱ्या मालिकेच्या सुधारित आकड्यांनुसार 2020-21 मध्ये उत्पादन 5.8 टक्क्यांनी घटले आणि 2021-22 मध्ये 9.7 टक्क्यांनी वाढले. 9.7 हा आकडा दिमाखदार आहे. पण साथीपूर्वीचे उत्पादन 100 धरले तर ते आधी 94.2 झाले आणि मग 103.3 वर पोहोचले. दोन वर्षांत एकूण वाढ साडेतीन टक्क्यांच्याही आत! साथ आली नसती आणि वर्षाला 6 टक्के अशी साधी वाढ झाली असती, तरी हा आकडा 112 च्या पुढे गेला असता. वर्तमानपत्राच्या मथळ्यात वाढीचा वेग असतो, कुटुंब मात्र आपण कुठे पोहोचलो असतो आणि कुठे आहोत हे मनाशी जोखत असते. ज्या मुलाला 2020 मध्ये नोकरी लागायची ती 2022 मध्ये लागली, त्याच्या घराने दोन वर्षांचा पगार कायमचा गमावलेला असतो आणि पुढील कोणत्याही तिमाहीचा दर तो भरून देत नाही.

किमतींच्या बाबतीत हाच भेद उलट्या बाजूने लागू होतो. चलनवाढीचा दर, म्हणजे किमती किती वेगाने वाढत आहेत याचे माप, एप्रिल 2022 मध्ये 7.79 टक्के होता आणि नंतर तो उतरला. पण दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे होत नाही, त्या फक्त पूर्वीपेक्षा हळू वाढू लागतात. 2020-21 ते 2023-24 या चार वर्षांत किरकोळ महागाईचा वार्षिक सरासरी दर अनुक्रमे 6.2, 5.5, 6.7 आणि 5.4 टक्के होता. हे आकडे एकावर एक चढवले तर चार वर्षांपूर्वी 100 रुपयांना मिळणारे सामान 126 रुपयांना झाले असा हिशेब निघतो. महागाई आटोक्यात आली असे रिझर्व्ह बँक म्हणते तेव्हा ती दराविषयी बोलत असते, आणि महागाई कुठे कमी झाली असे गृहिणी विचारते तेव्हा ती या 126 रुपयांविषयी बोलत असते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. ज्याचा पगार त्याच काळात 26 टक्क्यांनी वाढला नाही, त्याच्या लेखी मात्र दुसरे म्हणणेच उरते.

शिवाय ग्राहक सगळ्या किमती सारख्याच लक्षात ठेवत नाही. दूरचित्रवाणी संच स्वस्त झाल्याचे दहा वर्षांतून एकदा जाणवते. दूध, भाजी, रिक्षाचे भाडे आणि शाळेची फी यांचे भाव पुन्हा पुन्हा हातातून पैसे सोडताना कळतात. मुंबईत घरगुती गॅसचे सिलिंडर 2023 च्या पूर्वार्धात 1,102.50 रुपयांना झाले होते. ऑगस्ट 2023 आणि मार्च 2024 मध्ये मिळून 300 रुपयांची कपात झाल्यावर ते 802.50 रुपयांवर आले. कपात मोठी होती आणि तिचा दिलासाही खरा होता, तरी कमी झालेला भाव वाढलेल्या भावाइतका मनात टिकत नाही. कुटुंबांच्या महागाईविषयक अंदाजाची वेगळी पाहणीही रिझर्व्ह बँक करते. सरकारी दर 5 टक्क्यांच्या आसपास असताना त्या पाहणीतील कुटुंबांना महागाई 8 टक्क्यांच्या वर जाणवत होती. याला गैरसमज म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण ज्या घराची निम्म्याहून अधिक कमाई अन्नावर जाते, त्या घराची महागाई राष्ट्रीय सरासरीहून निराळी असणारच.

सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र सावरण्याच्या विषमतेत आहे. अर्थतज्ज्ञ अशा सुधारणेला इंग्रजी ‘के’ अक्षराची उपमा देतात, कारण त्या अक्षराची एक रेघ वर जाते आणि दुसरी खाली. भारतातील वाहनविक्री याचा बोलका पुरावा आहे. मोटारी आणि तत्सम प्रवासी वाहनांची देशांतर्गत विक्री 2018-19 मध्ये सुमारे 34 लाख होती, ती 2023-24 मध्ये 42 लाखांवर गेली; त्याच काळात दुचाकींची विक्री 2 कोटी 11 लाखांवरून 2021-22 मध्ये 1 कोटी 35 लाखांच्या आसपास घसरली आणि 2023-24 मध्येही 1 कोटी 80 लाखांपर्यंतच पोहोचली. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 या प्रदूषणमानकांमुळे आणि त्याआधी सक्तीच्या झालेल्या दीर्घ मुदतीच्या विम्यामुळे दुचाकी महागली होती हे खरे. पण मोटारही महागली होती आणि तिचा ग्राहक थांबला नाही. दुचाकी ही बहुसंख्य कुटुंबांची पहिली मोठी खरेदी असते. गावातला दूधवाला, गवंडीकाम करणारा, कारखान्यातला कंत्राटी कामगार ती हप्त्यावर घेतो, आणि पुढची दोन-तीन वर्षे काम मिळत राहील असा भरवसा असल्याखेरीज कोणी हप्ता अंगावर घेत नाही. कटोना ज्याला इच्छा म्हणत होते ती इथे दुकानाच्या पायरीवर अडलेली दिसते.

रोजगाराचे आकडे याला पुष्टी देतात. सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार काम करणाऱ्यांपैकी शेतीवर असलेल्यांचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता. टाळेबंदीत शहरांतून गावी परतलेल्या लोंढ्यानंतर तो वाढला आणि 2023-24 मध्येही 46.1 टक्के होता. देश औद्योगिक होत असताना हा वाटा घटायला हवा. तो वाढणे याचा अर्थ अनेकांना शेताबाहेर पुरेसे काम मिळाले नाही. दुसरीकडे कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी इत्यादींतील वर्षाची भर वजा नवी कर्जे, 2020-21 मध्ये सकल उत्पादनाच्या 11.5 टक्के होती, ती 2022-23 मध्ये 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे पाच दशकांतील नीचांकावर आली. यातील काही कर्ज घरबांधणीचे होते आणि तो विश्वासाचा भाग होता हे मान्य करायला हवे. पण विनातारण वैयक्तिक कर्जे ज्या गतीने वाढली, ती पाहून नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेलाच बँकांसाठी नियम कडक करावे लागले.

ग्राहक आणि उत्पादक यांची मनःस्थिती एकमेकींविरुद्ध कशी उभी राहते, याचे उदाहरण महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातच घडले. 2023 च्या पावसाळ्यात टोमॅटो आणि पाठोपाठ इतर भाज्या कडाडल्या, जुलैत किरकोळ महागाई 7.44 टक्क्यांवर गेली आणि शहरी ग्राहकाला दिलासा देण्यासाठी केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले, तर डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ज्या घराला कांदा विकत घ्यायचा होता त्याच्यासाठी भाव उतरणे ही सुटका होती; ज्या घराने तो चाळीत भरून ठेवला होता त्याच्यासाठी तोच भाव वर्षाची मिळकत होता. हा शेतकरी 19 शहरांच्या पाहणीत कोठेही येत नाही, तेव्हा त्या पाहणीला देशाचे मन म्हणताना जपूनच बोलले पाहिजे. निर्यातबंदी मे 2024 मध्ये उठली, लोकसभेचे मतदान चालू असताना. दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. कांदा हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण प्रचारात तो पदोपदी होता.

या सगळ्यात आशेचा धागा तुटला नव्हता, ही बाबही तितकीच दखल घेण्याजोगी आहे. भावी अपेक्षा निर्देशांक दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, मे 2021 मध्ये, 96.4 पर्यंत उतरला, पण सद्यःस्थिती 48.5 वर असतानाही लोक पुढच्या वर्षाविषयी दुप्पट बरे बोलत होते; मार्च 2024 मध्ये तो 125.2 होता. ही आशा खरी असते आणि तिच्या बळावरच माणसे मुलांच्या फीचे पैसे उभे करतात, दुकानाची जागा भाड्याने घेतात. तथापि वर्षभराने परिस्थिती सुधारेल असे दर वर्षी सांगणारे लोक वर्षभराने पुन्हा शंभराच्या खालीच उत्तर देत होते.

त्याच सुमारास, एप्रिल 2024 मध्ये, लोकनीती-सीएसडीएस या अभ्याससंस्थेच्या निवडणूकपूर्व पाहणीत मतदारांना सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता, असे विचारण्यात आले. 27 टक्क्यांनी बेरोजगारी सांगितली आणि 23 टक्क्यांनी महागाई. म्हणजे ग्राहक विश्वासाचा निर्देशांक जवळजवळ पाच वर्षांतील उच्चांकावर असताना निम्म्या मतदारांनी पगार आणि भाव या दोनच गोष्टींवर बोट ठेवले.