टाच गादीला टेकू देऊ नका

माझ्या नेहमीच्या रुग्णांपैकी सत्तरीचे एक आजोबा घरात घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. शहरात ऑपरेशन झाले, टाके कोरडे राहिले, सगळे समाधानी होते. मीही भेटायला गेलो, पट्टी पाहिली, नाडी पाहिली आणि परतलो. पायावरची चादर मात्र उचलली नाही. चार दिवसांनी सूनबाईंनी मोजा काढला, तर टाचेवर रुपयाएवढा काळा डाग! आजोबांना जुना मधुमेह. पायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे टाच दुखलीच नाही. हाड जुळले, पण टाचेची जखम पुढे कित्येक महिने चालली आणि आजोबांचे चालणे लांबले.

एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेला शय्याव्रण म्हणतात. ही जखम माकडहाडाच्या जागी सर्वांत जास्त होते आणि त्याखालोखाल टाचेवर. टाचेचे हाड कातडीच्या अगदी जवळ असते. रुग्ण उताणा निजला की पायाचा भार तेवढ्याशा जागेवर येतो, बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही तासांतही इजा होऊ शकते. मधुमेही, पक्षाघात झालेले, खुबा मोडलेले आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असलेले रुग्ण यांना धोका अधिक.

उपाय मात्र साधा आहे. डॉक्टरांना विचारून पोटरीखाली, गुडघ्याच्या खालपासून घोट्याच्या वरपर्यंत, लांबीच्या बाजूने उशी ठेवावी. गुडघा किंचित वाकलेला असावा आणि टाच अधांतरी राहावी. टाचेखालून कागद सहज सरकला, की उशी बरोबर बसली असे समजावे. घोट्यामागच्या धोंडशिरेखाली उशी घेऊ नये. तिथेही जखम होते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलताना उशी जागेवर आहे ना, हे पाहावे.

काही गोष्टी टाळाव्यात. कापडाची चुंबळ करून टाचेखाली देऊ नये; तिच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा अडवतो. पाणी भरलेल्या हातमोज्यानेही संरक्षण होत नाही. लाल झालेली जागा स्पिरिट वा पावडर लावून चोळू नये, फोड आल्यास फोडू नये. हवेची गादी असली तरी टाच उचललेलीच हवी.

सकाळ-संध्याकाळ मोजे काढून दोन्ही टाचा पाहाव्यात. बोटाने दाबल्यावर लाली क्षणभर फिकी होत नसेल, तर ती धोक्याची खूण समजावी. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून हात लावून पाहावे : एक टाच दुसरीपेक्षा गरम, गार, टणक किंवा लिबलिबीत लागते का, जांभळट दिसते का? तसे असल्यास लगेच सिस्टरना दाखवावे. प्लॅस्टरच्या आत टाच दुखते असे रुग्ण म्हणाला, तर ती कुरकुर समजू नये. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.

इस्पितळात आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळे नेतो, फळे नेतो. जवळचे माणूस असेल, तर पायावरची चादर उचलून टाचाही पाहाव्यात. आजोबांच्या प्रसंगापासून मी नाडी नंतर पाहतो, चादर आधी उचलतो.