खुडूक कोंबडी : बसवावी की उठवावी?

मणियार, पिंजारी, बागवान, विणकर अशा कष्टकरी घरांतून परसातल्या चार-सहा कोंबड्यांचा आधार पूर्वीपासून आहे. धंदा मंदावला की भाजीपाल्याचा, मुलांच्या वह्यांचा खर्च अंड्यांवर निघतो. हा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असतो. परंतु वर्षातून तीन-चार वेळा कोंबडी खुडूक बसते आणि ही आवक थांबते. अशा वेळी बहुतेक घरांत काहीच ठरवले जात नाही. कोंबडी आठ-दहा दिवस रिकाम्या जागेवर बसून राहते, कधी कोणी तिला हुसकते, कधी दोन अंडी खाली सरकवते. आमच्या मते खरे नुकसान येथेच होते. कोंबडी खुडूक झाली की एक-दोन दिवसांतच निर्णय घ्यावा : नीट बसवावी, नाही तर नीट उठवावी.

खुडूक ओळखावी कशी?

अंडे घालून झाल्यावरही कोंबडी जागा सोडत नाही, रात्रीही तेथेच बसते, हात जवळ नेताच पिसे फुलवून गुरगुरते आणि टोचते. पोटावरची पिसे गळून कातडी उघडी पडते व हाताला गरम लागते. हा आजार नव्हे. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक शरीरात वाढले की अंडी घालणे बंद होऊन उबवण्याची ओढ लागते. देशी व असील कोंबड्यांत ही ओढ जास्त असते. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत.

आधी हिशेब

देशी कोंबडी एका फेरीत दहा ते पंधरा व वर्षभरात सुमारे 50 ते 60 अंडी देते. तिला बसवले तर 21 दिवस उबवण्यात आणि पुढे सात-आठ आठवडे पिल्ले सांभाळण्यात जातात. म्हणजे अडीच-पावणेतीन महिने अंडे नाही. त्याच काळात तिला वेळीच उठवले असते, तर तिने आणखी दोन फेऱ्या, म्हणजे ढोबळमानाने 24 अंडी दिली असती. शिवाय खाली ठेवलेली 12 अंडी धरा. एकूण 36 अंड्यांची ही गुंतवणूक झाली.

यातून नऊ पिल्ले निघाली व सहा जगली, तर एक पक्षी सहा अंड्यांना पडला. दाण्याचा खर्च वेगळा. घार, मुंगूस, मांजर यांनी नेऊन दोनच उरली, तर एक पक्षी अठरा अंड्यांना पडला. आपल्या बाजारातला अंड्याचा व कोंबडीचा भाव यात घालून पाहावा. पिल्लांच्या संरक्षणाची सोय नसेल, तर बसवण्यात फायदा नाही. चार-पाच कोंबड्या असतील तर एक-दोन बसवाव्यात, बाकीच्या उठवाव्यात.

बसवायची असेल तर

हिवाळा सर्वांत चांगला. कडक उन्हाळ्यात अंडी लवकर खराब होतात. कळपात कोंबडा हवाच; एरव्ही अंडे फळणार नाही. मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली आणि सात दिवसांच्या आतली अंडी घ्यावीत; उन्हाळ्यात तीन-चार दिवसांचीच. अंडी धुऊ नयेत. थंड जागी, रुंद टोक वर करून ठेवावीत. देशी कोंबडीखाली दहा-बारा पुरेत.

टोपलीत किंवा घमेल्यात तळाला राख-वाळू व वर पेंढा घालून ती शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. कोंबडीच्या अंगावर उवा-गोचीड असतील तर आधीच उपाय करावा, कारण त्या त्रासाने ती अंडी सोडून उठते. अंडी रात्री खाली ठेवावीत व प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करावी. दुसऱ्या कोंबड्या त्याच जागी अंडी घालतात. खूण नसलेले अंडे रोज काढून घ्यावे. नाहीतर काही पिल्ले निघाल्यावर कोंबडी उठते आणि मागाहून आलेली अंडी वाया जातात. दाणे व पाणी जवळच असावे. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे ती उठतेच. तिला अडवू नये.

सातव्या दिवशी रात्री अंडी तपासावीत. पुठ्ठ्याला भोक पाडून मागे बॅटरी धरावी व अंडे त्यावर टेकवावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. अंडे अगदी स्वच्छ दिसले तर ते फळलेले नाही, काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये.

पिल्ले निघाल्यावर पहिल्या आठवड्यात राणीखेत, म्हणजेच मानमोडीची लस द्यावी. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच चौकशी करून ठेवावी. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या असतील, तर दोघींची पिल्ले रात्रीच्या वेळी एकीखाली द्यावीत आणि दुसरीला उठवावे. ती लवकर अंड्यांवर येते.

उठवायची असेल तर

नाकात पीस खुपसणे, पाण्यात बुडवणे, उपाशी कोंडणे हे प्रकार आजही चालतात. यात जनावराचे हाल होतात आणि मालकाचाही तोटा होतो. अशक्त झालेली कोंबडी अंड्यांवर उशिरा येते. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला त्यापायी शिक्षा झाल्याची हदीस प्रसिद्धच आहे.

उपाय सोपा आहे. ऊब, अंधार आणि मऊ पेंढा यांनी खुडूकपणा वाढतो. तेव्हा याच तीन गोष्टी काढून घ्याव्यात. जाळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांच्या तळाचा पिंजरा चार विटांवर ठेवावा, म्हणजे पोटाला खालून हवा लागते. पिंजरा सावलीत पण उजेडात असावा. आत पेंढा नको. दाणे व पाणी भरपूर हवे. तीन-चार दिवसांत ती बहुधा सुटते आणि पुढे दोन-तीन आठवड्यांत अंडी देऊ लागते. जितका उशीर कराल तितके दिवस जास्त लागतील. एरव्हीही रोज दोनदा अंडी गोळा केली तर कोंबड्या खुडूक कमी होतात.

सचोटीचे दोन मुद्दे

पहिला, खुडूक कोंबडीखालून काढलेली अंडी ताज्या अंड्यांत मिसळून विकू नयेत. वरून ती सारखीच दिसतात, म्हणूनच जबाबदारी विकणाऱ्याची. धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, आत ओल लागली आणि ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. अंड्यांच्या टोपलीलाही हाच नियम लागू आहे.

दुसरा, आपली कोंबडी शेजाऱ्याकडे निम्म्या पिल्लांच्या बोलीवर बसवायला देण्याची रीत आहे. पिल्ले किती निघतील हे ठाऊक नसल्याने पुढे भांडणे होतात. हनफी फिकहमध्ये असा व्यवहार योग्य मानलेला नाही. त्याला तोडही सांगितली आहे : आधी ठरलेल्या किमतीला निम्मी कोंबडी शेजाऱ्याला विकावी, मग दोघे मालक होतात आणि पिल्लेही दोघांची. निम्मी अंडीही त्याच्याकडून घ्यावीत, म्हणजे शंका उरत नाही. कोकणातील शाफई बांधवांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. बोली काहीही असो, ती दोन माणसांसमोर स्पष्ट करावी. चार अंड्यांवरून शेजार तुटावा, इतका हा धंदा मोठा नाही. पण नेकीने केला तर घराला हातभार लावण्याइतका तो खासच आहे.